उडी आणि सांधा

३ मार्च

प्रिय मुंगे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. इथे सगळं ठीक. माझा गुडघा आहे तिथेच आहे आणि दुखणंही आहे तिथेच आहे, दोघांचं आता छान जमलंय. घशाला मात्र डॉक्टरांनी आठ दिवस सक्तीची विश्रांती सांगितली आहे. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना हे कळलं तेव्हा म्हणाल्या, "अरे वा, म्हणजे आठ दिवस आम्हालाही विश्रांती!" तोंडावर म्हणाल्या. मला उत्तर देता येत नव्हतं म्हणून जरा जास्तच धीट झाल्या होत्या.

तुझे मास्तर कसे आहेत? लेक आणि बाळ राहायला येणार म्हणतेस, छान. आजी झालीस तरी मला तू अजून ओट्यावर चढून साखरेच्या डब्याशी झटापट करणारी मुंगीच दिसतेस, त्याला माझा इलाज नाही.

आता भांडायचं ते भांडते. चार पानांचं पत्र, त्यात बाळाचे दात, मास्तरांची पेन्शन, गच्चीची गळती, आणि शेवटी 'बाकी सर्व क्षेम'च्या वर एका ओळीत : "भरतकामाचं मशीन विकायचं ठरवलंय, पेठेतला शिंपी बघून गेला, बावीस तारखेला रविवारी घेऊन जाईल." एका ओळीत! जुनी छत्री कुणाला देऊन टाकावी तसं!

मुंगे, ते काय घरातलं कपाट आहे, रंग उडाला म्हणून काढायला? दुकानातली नोकरी सोडून तू ते आणलंस तेव्हा सगळे हसले होते. मास्तर म्हणाले होते, "घरात गिरणी घातली हिने." तू मागच्या खोलीत खिडकीशी ते मांडलंस, इस्त्रीच्या टेबलाला लागून. कॉम्प्युटरवर फुलं काढायला तू चाळिशीत शिकलीस, लेकीकडून, तिची बोलणी खात. गोल चौकटीत तो पांढरा कागद ताणून बसवायचा, बटण दाबायचं, आणि सुई मिनिटाला आठशे टाके घालत सुटायची. ताटांखाली घालायच्या पट्ट्या, नॅपकिनांचे कोपरे, अख्खे टेबलक्लॉथ. आणि लेस! लेस बघताना मी प्रत्येक वेळी लहान मूल व्हायचे. कापडच नाही, नुसता तुझा तो 'पाणकागद' आणि त्यावर दोरा. मग कोमट पाण्यात टाकायचं. कागद विरघळून जायचा आणि हातात फक्त दोऱ्याची फुलं राहायची. "आधार विरघळल्यावर जे उरतं, तेच खरं काम," हे वाक्य मी पाच सभांमधून म्हटलं आहे आणि पाचही वेळा टाळ्या घेतल्या आहेत. वाक्य माझं, पण काम तुझं होतं.

बाईच्या हातातलं यंत्र बाहेर गेलं की नुसतं यंत्र जात नाही, तिचा आवाजच घराबाहेर जातो. आयुष्यभर हेच ओरडत आले मी. आणि माझ्याच बहिणीनं शिंप्याला बोलवावं?

एक काम बिघडलं म्हणून माणूस असं करत नाही. बिघडलं ते बिघडलं. त्यावर आता बोलायला नको.

हो, एक बातमी राहिली. सभागृहाचे चिटणीस आले होते. 'बायकांचे डोळे' हे भाषण त्यांना पुन्हा हवं आहे, एकवीस तारखेला, शनिवारी. त्या भाषणाच्या पुस्तिकेची नवी आवृत्तीही काढणार म्हणतात. मी मान हलवली. घसा बसलेला असल्यामुळे ती होकाराची होती की नुसतीच, ते त्यांनीच ठरवलं.

विक्रीचा निर्णय फिरव. मोठी बहीण म्हणून सांगते.

तुझी,
ताई


११ मार्च

प्रिय मुंगे,

तुझं कार्ड मिळालं. दीड ओळीची समजूत घातलीस माझी : "ताई, भाषण नको. माझी नजर मला माहीत आहे." आणि खाली, जागा उरली म्हणून की काय, बाळाची गोष्ट.

ती गोष्ट मी चार दिवस वाचते आहे. लेकीनं तुझ्या हातात छोटं नेलकटर दिलं आणि म्हणाली, "आई, बाळाची नखं काढतेस का, झोपलंय तोवर?" आणि तू म्हणालीस, "नको गं बाई, माझा भरवसा नाही." मग मास्तरांनी चष्मा लावून काढली. मास्तरांनी! ज्यांना सुईत दोरा ओवायला अर्धी दुपार लागते! तू हे विनोद म्हणून लिहिलं आहेस. पुढे उद्गारचिन्हही आहे. मला हसू आलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलीस, दोन्ही वेळा ते म्हणाले, डोळ्यांत काही दोष नाही. तू त्यावरून काय काढलंस? की मग दोष डोक्यात असणार. गॅस बंद केलाय का हे मास्तरांना विचारतेस. कुलूप लावल्यावर परत फिरून ओढून बघतेस. पूर्वी दुरून नुसत्या आवाजावरून सांगायचीस, "बॉबिन संपत आली," आणि ती संपत आलेली असायची.

आज मी भाषण देत नाही. घसा बरा आहे, तरी देत नाही.

आपण त्या दिवसाबद्दल कधीच नीट बोललो नाही, नाही का? मला तो खूपदा आठवतो. दोन वर्षं झाली. नव्या भोजनगृहाच्या मालकीणबाईंनी बारा टेबलांचं काम दिलं होतं. पांढऱ्या टेबलक्लॉथांना निळ्या लेसची किनार, जवसाच्या फुलांची. नमुना तू स्वतः काढला होतास. फुलं सुटी सुटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा इतक्या बारीक, की लांबून फुलं हवेत थांबल्यासारखी दिसावीत. मी आठवडाभर तुझ्याकडे राहायला आले होते. मालकीणबाईंचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. मशीन तीन दिवस चालू होतं. पट्ट्यांचा ढीग पडला होता आणि तू म्हणालीस, "ताई, नुसती बोलत बसू नकोस, ही कात्री घे."

तू मला शिकवलंस. ते तुझे शब्द : "उडी कापायची, सांधा ठेवायचा." सुई एका फुलाचं काम संपवून दुसऱ्याकडे जाते तेव्हा मागे एक दोरा लोंबत राहतो, ती उडी. एकपदरी, सैल. ती कापून टाकायची. सांधा दुपदरी. दोरा गेला आणि परत आला, म्हणून ताठ. तो दोन फुलांना धरून ठेवतो. "सांध्याला हात लावलास तर कागद असेपर्यंत काही कळणार नाही," तू म्हणालीस, "पाण्यात कळेल."

मला आठवतं की मी बोलत होते. पुढच्या आठवड्याच्या भाषणाची तयारी. 'घरातलं न दिसणारं काम' हा विषय. हातात पट्टी, हातात कात्री, आणि मी खिडकीतून दिसणाऱ्या भिंतीला उद्देशून बोलत होते. तू मशीनपाशी होतीस. एकदा वळून म्हणालीस, "तोफखाना जरा हळू, दोरा तुटला तर ऐकू येणार नाही मला." आपण दोघी हसलो.

बाकी पुढच्या पत्रात लिहीन. हात दुखतो आहे.

शनिवारच्या सभेला तू येणार असं कार्डाच्या कडेला लिहितेस, पुन्हा तिसऱ्या रांगेत बसणार म्हणतेस. एवढ्या लांब बसने यायची दगदग कशाला? दुसऱ्या दिवशी शिंपी येणार आहे ना तुझ्याकडे?

तुझी,
ताई


१८ मार्च

मुंगे,

हात दुखत नव्हता.

काल चिटणीसांना कळवलं की मी बोलणार नाही. ते धावत आले. "तोफ थंडावली की काय?" म्हणाले. मी म्हटलं, "दारू ओली होती, दोन वर्षं कुणाला कळलं नाही." त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. नवी आवृत्ती छापू नका, हेही सांगितलं. कारण विचारलं. म्हटलं, ते आधी जिला सांगायला हवं तिला सांगते.

हे फोनवर सांगता आलं असतं. रिसीव्हर तीनदा उचलला. पण मला माझं तोंड माहीत आहे. फोनवर तू एक हुंकार दिला असतास आणि त्या हुंकाराला धरून मी बोलत सुटले असते, आणि पाच मिनिटांत तूच मला म्हणाली असतीस, "जाऊ दे गं ताई." मी बोलण्यात जिंकले असते. मला जिंकायचं नाही. म्हणून कागद. इथे तू मध्येच थांबू शकतेस, फाडू शकतेस, आणि मला ते दिसणार नाही.

सांधे मी कापले.

सगळे नाही. पण पुरेसे. तुझा नमुना इतका बारीक होता की उडी आणि सांधा डोळे रोखूनच ओळखावे लागत होते, आणि माझे डोळे भिंतीवर होते, टाळ्या वाजवणाऱ्या लोकांवर. बोटं आपली आपण कापत होती. कच, कच. वाक्य जितकं चांगलं जमत होतं तितकी कात्री जोरात चालत होती. न दिसणाऱ्या कामाबद्दल बोलत होते मी, मुंगे, आणि हातातलं काम बघत नव्हते. याहून मोठी थट्टा मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, आणि तुला माहीत आहे मी किती वाचते.

एवढंच असतं तर ती चूक होती. चूक माणसाकडून होते. मी त्याच्या पुढचं सांगते आहे.

तू मोठ्या टबात कोमट पाणी घेतलंस, पट्ट्या सोडल्यास. कागद विरघळायला लागला. आणि मग फुलं एकेक करून सुटली. टबभर निळी फुलं तरंगायला लागली. तू दोन्ही हात पाण्यात घालून तशीच उभी राहिलीस, जणू हातांनी धरून ठेवलं तर ती एकत्र राहतील.

मी एक फूल उचललं. त्याच्या कडेला दोऱ्याची दोन टोकं होती. सरळ कापलेली. उसवलेला दोरा पिंजतो, मशीननं टाका चुकवला तर टोकच नसतं. हे तूच मला शिकवलं होतंस. मी दुसरं फूल उचललं. तिथेही तेच. मला त्या क्षणी कळलं. नंतर नाही, विचार करून नाही, तिथेच, बाहीपर्यंत ओल्या हातानं.

आणि तू माझ्याकडे वळून विचारलंस, "ताई, तू उड्याच कापल्यास ना?"

तू आरोप केला नव्हतास. तू नुसतं विचारलं होतंस, तपासणीतली एक गोष्ट म्हणून. आणि मी म्हटलं, "म्हणजे? मी काय आंधळी आहे?"

तू म्हणालीस, "नाही गं. मग मीच."

त्या चार शब्दांनी तू स्वतःला शिक्षा दिलीस आणि मी ती भोगू दिली. तू म्हणत राहिलीस की आपण एकच फूल धुऊन बघितलं, अख्खी पट्टी धुऊन बघायला हवी होती. सांधे काढायचे राहून गेले असतील नमुन्यात. रेषा जुळल्या असं पडद्यावर वाटलं असेल. मी चहा करून आणला, तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "नजर दमली असेल तुझी. वय होतं माणसाचं." चांगलं, मायेचं वाक्य. मुंगे, मी आयुष्यात हजारो वाक्यं बोलले, त्यातलं हे एक लोक विसरले नाहीत. म्हणजे तू. तू त्या वाक्यात राहायला गेलीस. गॅस, कुलूप, नेलकटर, सगळं त्याच वाक्यातून आलं आहे.

मग तू आत जाऊन पडलीस आणि मी टब रिकामा केला. तुला वाटलं, ताईनं आवराआवर केली, किती सांभाळून घेते. मी ती टोकं लपवत होते. सगळी फुलं पिशवीत भरून कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकून आले. वाटेत तुझी शेजारीण भेटली, "काय झालं हो?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "तिचे डोळे, बिचारीचे." मालकीणबाईंना फोनही मीच केला. तेव्हाही तेच म्हटलं. एकदा बोललेली गोष्ट दुसऱ्यांदा बोलणं किती सोपं असतं, हे वक्त्याला सांगायला नको.

आणि मग ते भाषण. तयार केलेला विषय मी बदलला. 'बायकांचे डोळे.' घरात बसून, खिडकीशी, तासन् तास बारीक काम करणाऱ्या बाया आपली नजर कशी झिजवतात. "माझ्या धाकट्या बहिणीनं आपले डोळे दोऱ्यात ओवून दिले!" असं मी म्हटलं तेव्हा सभागृहात माणसं उठून उभी राहिली. तूही उठलीस. तिसऱ्या रांगेतून, पदरानं डोळे पुसत, जे डोळे ठणठणीत होते. बाहेर आल्यावर म्हणालीस, "ताई, माझ्यासारखीबद्दल कुणी बोलत नाही गं. तू बोललीस." ती पुस्तिका तू मशीनच्या खणात ठेवली आहेस, मला माहीत आहे. मी बोलले त्यातलं बाकी सगळं खरं होतं. बायकांचे डोळे खरंच झिजतात. फक्त तुझे झिजले नव्हते. खऱ्या गोष्टीच्या बाजूनं मी खोटी साक्ष दिली, आणि त्यामुळे खऱ्याचंही नुकसान केलं. ज्यांचे डोळे खरंच गेले आहेत अशा कितीतरी जणी त्या सभेत बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून बोलले असते तर चाललं असतं. पण माझ्या हाताशी एक रडणारी बहीण होती आणि ती जास्त परिणामकारक होती.

का गप्प राहिले? मी स्वतःला बरीच कारणं दिली आहेत. तू खचशील. आपल्यात अंतर पडेल. एवढी जुनी गोष्ट. सगळी चांगली कारणं, व्यासपीठावरून चालतील अशी. खरं कारण लहान आहे. तू लहानपणापासून माझ्याकडे मान वर करून बघत आलीस. ती मान खाली आलेली मला बघायची नव्हती. त्यासाठी मी तुझी मान तुझ्याच हातांपुढे खाली घालायला लावली.

शनिवारी सभेत उभं राहून हे सगळं सांगावं असं माझ्या मनात आलं होतं. अगदी सुरुवातीचं वाक्यसुद्धा तयार झालं. मग लक्षात आलं, त्यालाही टाळ्या पडतील. "केवढं धैर्य!" म्हणतील. कबुलीसुद्धा माझ्याच कामाला येईल. म्हणून नाही जाणार. शेजारणीला आणि भोजनगृहाच्या बाईंना मात्र आज दोन-दोन ओळी लिहिल्या आहेत : चूक माझ्या कात्रीची होती, माझ्या बहिणीच्या डोळ्यांची नव्हे. त्यात एकही विशेषण नाही. तीन वेळा खोडून लिहावं लागलं.

आता कामाचं.

तुझा नमुना मशीनमध्ये अजून आहे. त्या दिवसानंतर तू तो उघडला नाहीस, पुसलाही नाहीस. मी मागच्या वर्षी तुझ्याकडे आले होते तेव्हा तू बाजारात गेल्यावर बघितला. एक्केचाळीस नंबर, नाव दिलं आहेस 'जवस'. पडद्यावर मोठं करून बघितलं. सगळे सांधे आहेत, मुंगे. एकूण एक. दुपदरी. हे बघूनही मी वर्षभर गप्प होते, तेही या हिशेबात धर.

पण हे मी सांगते आहे, आणि मी काय काय सांगू शकते ते तू आत्ताच वाचलंस. माझ्या शब्दावर आता काही ठरवू नकोस, चांगलंही नाही. हे पत्र उद्या-परवा पोचेल. रविवारच्या आधी खोलीत जा. मशीनवरचं कापड काढ. चौकटीत पाणकागद बसव, ताणलेला, तुला आवडतो तसा ढोलकीसारखा. निळं रीळ, बॉबिनलाही निळंच. एक पट्टी काढायला चाळीस मिनिटं लागतात. उड्या तू काप, दुसऱ्या कुणालाही कात्री देऊ नकोस, मास्तरांनाही नाही. आणि मग पाण्यात सोड.

पट्टी धरेल. तरीही तुला मशीन विकायचं असेल तर वीक, शिंप्याला दे, कुणालाही दे. एखाद्या बाईनं कंटाळून यंत्र विकलं तर मला त्यावर काही म्हणायचं नाही. पण न केलेल्या चुकीसाठी विकू नकोस.

मला पत्र लिहायलाच हवं असं नाही. तू मला माफ करावंस अशी विनंती मी या पत्रात कुठेही केलेली नाही, शोधून बघ. ती करायची वेळ दोन वर्षांपूर्वी, टबापाशी होती.

बाळ जागं व्हायच्या आत त्याची नखं काढून टाक.

ज्या हातानं कापलं, त्याच हातानं लिहिलेलं,

ताई